तळटीप १४ : रेगन यांचा नकार आणि चळवळीचे बिल्ले

येथे अभिप्रेत आहे तो १९८६चा अमेरिकी सर्वंकष वर्णभेदविरोधी कायदा. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालणारे हे विधेयक अध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले. प्रतिनिधिगृहाने ३१३ विरुद्ध ८३ आणि सिनेटने ७८ विरुद्ध २१ मतांनी तो नकार मोडीत काढला. सिनेटमध्ये पुढाकार घेणारे रिचर्ड लुगर रेगन यांच्याच पक्षाचे, ही त्यातली खरी गंमत.

मतांचे आकडे सरकारी दफ्तरात मिळतात. त्यामागचा चळवळीचा रेटा समजून घ्यायचा तर मिशिगन स्टेट विद्यापीठातला ‘आफ्रिकन ॲक्टिव्हिस्ट आर्काइव्ह’ हा संग्रह अधिक कामाचा. पत्रके, पोस्टर, बिल्ले, अगदी टी-शर्टसुद्धा तिथे जपले आहेत. एरवी असला ऐवज रद्दीतच जायचा! पोलरॉइड या कॅमेरा कंपनीचे प्रकरण अशा कागदांतूनच उलगडते. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांवर लादलेल्या ओळखपत्रवजा पासबुकांतले फोटो काढायला आपल्याच कंपनीचे तंत्र वापरले जाते, हे १९७०मध्ये पोलरॉइडच्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी चव्हाट्यावर आणले आणि बहिष्काराची हाक दिली. कंपनीने दक्षिण आफ्रिकेतून काढता पाय घेतला तो १९७७मध्ये.

भारताने मात्र दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६मध्येच, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, थांबवला होता.