बंदरातला पाहुणा

मरिना म्हटले की आपल्याला चेन्नईचा किनारा आठवतो. पण शिडाच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणाऱ्या हौशी लोकांसाठी मरिना म्हणजे मुक्कामाची जागा. कोचीच्या बोलगट्टी बेटावर अशी एक आहे. नौका आत घ्यायची, दोर बांधायचे, गोडे पाणी भरायचे, कागदपत्रे दाखवायची, रात्र काढायची आणि पुढे निघायचे. आज आपल्याला या साध्या थांब्याचा इतिहास पाहायचा आहे. त्यातून एक प्रश्न निघतो: समुद्रावरून आलेल्या परक्या माणसाचा आपल्या किनाऱ्यावर हक्क किती?

आधी थांबावे का लागते ते बघू. शिडाचे गलबत वाऱ्याचे ताबेदार. दिवसा खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे समुद्राकडे जातात. खाडीत शिरायचे तर भरती हवी, कारण पुष्कळ ठिकाणी मुखाशी वाळूचा दांडा असतो. पाणी संपते, दोर तुटतात, वारा पडतो. म्हणजे बंदरात थांबणे ही चैन नव्हे, गरज आहे. आणि गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो. घासाघीस तरी कशी करणार तो? सगळी सत्ता किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती.

ती सत्ता कशी वापरली जाते, याची दोन उदाहरणे एकाच पुस्तकात सापडतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला एक ग्रीक ग्रंथ आहे, 'पेरिप्लस'. त्यात भडोचचे वर्णन आहे. नर्मदेचे मुख फार अवघड. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. परकी जहाजे ओढून आणत, भरती लागली की पुढे सरकत, ओहोटीला खोल डोहात थांबत. आता दुसरे उदाहरण आपल्या कल्याणचे. हे आधी राजमान्य बंदर होते. पुढे राजा बदलला, तेव्हा तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. बघा, एकीकडे वाट दाखवायला होडी येते, दुसरीकडे धरून न्यायला. दोन्हींच्या मुळाशी जकात आहे, हे विसरू नका.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी याला वेगळेच वळण दिले. त्यांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना काढला. तो नसेल तर जहाज जप्त. परवाना घेतला की त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. म्हणजे पाहुण्यानेच घर बळकावले आणि घरच्यांना उंबऱ्यावर हिशेब विचारू लागला!

हा धडा मराठी राज्यकर्त्यांनी नीट गिरवला होता. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. व्यापाऱ्याला ते राज्याचे भूषण मानतात, परमुलखातून सावकार आणावेत म्हणतात. पण टोपीकरांबद्दल ते सावध आहेत. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत. यांना येऊ द्यावे, जाऊ द्यावे, व्यापार करू द्यावा. पण खाडीच्या तोंडाशी, समुद्रकाठी जागा देऊ नये. वखारीला जागा द्यायचीच तर किनाऱ्यापासून कोसांच्या अंतरावर, आत.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे शिक्षक, म्हणून कान्टकडे वळणे भाग आहे. क्योनिग्जबर्ग या बंदराच्या शहरात त्याचा जन्म गेला. 1795 साली 'शाश्वत शांती' या निबंधात त्याने लिहिले की परक्याला भेटीचा हक्क आहे, मुक्कामाला राहण्याचा नाही. कारण पृथ्वी गोल आहे, माणसे एकमेकांपासून अनंत दूर पांगू शकत नाहीत. युरोपी व्यापारी भेटीलाच जिंकणे समजतात, असेही त्याने सुनावले. अमात्य राज्य राखायला निघाले होते, कान्ट हक्काची मीमांसा करायला. हेतू वेगळे, तरी येऊ द्यावे पण रोवू देऊ नये, या मुद्द्यावर दोघे जवळ येतात.

पण कान्टने एक अट घातली, ती अमात्यांना लिहावी लागली नाही. परक्याला परत पाठवता येईल. मात्र त्यात त्याचा नाश होता कामा नये. ही अट पुस्तकात राहिली. 1914 साली 'कोमागाता मारू' हे जहाज 376 प्रवासी घेऊन व्हॅंकुव्हरला पोचले. बहुतेक पंजाबी शीख. दोन महिने ते बंदरात उभे होते. उतरू दिले फक्त 24 जणांना. बाकीच्यांना परत पाठवले. कलकत्त्याजवळ बजबजला ते लागले तेव्हा गोळीबार झाला, माणसे मेली. कागद सगळे कायद्याला धरून होते, बरं का.

आमच्या लहानपणी मुंबईहून बोटीने कोकणात जात असू. बोट खोल पाण्यात उभी राहायची, पडाव येऊन माणसे उतरवायचा. एकदा किनाऱ्याला लागेपर्यंत रात्र झाली, शेवटची एसटी गेलेली. बंदरावरच्या एका घराने पडवीत जागा दिली. तुम्ही कोण, कुठले, हे त्यांनी विचारले. पण पेज वाढल्यावर. सकाळी आम्ही निघालो.

अमात्यांचा सावधपणा खोटा नव्हता, आणि ती पेजही खोटी नव्हती. राज्याला आधी विचारावे लागते, हे आम्ही मान्य करतो. फक्त समोरचा बुडत असेल, तर आधी दोर टाकावा आणि मग नाव विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.