दळणाच्या वेळची नजर

महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. म्हणजे कामाच्या लयीत रोजचं जगणं शब्दांत पकडण्याची ही रीत सुमारे नऊशे वर्षांची तरी आहे. जात्यावरच्या ओव्यांत देव येतात, राम-सीता येतात. पण त्यांच्याइतकीच जागा दारात आलेला भाऊ, लेकराच्या पायातले वाळे, माहेरची वाट आणि शेजारणीचा शब्द यांना मिळते. घर जागं होण्याआधीची पहाट ही अनेकींच्या वाट्याला आलेली स्वतःची एकमेव वेळ. त्या वेळी जे बारकाईने पाहिलं, ते गाण्यात धरून ठेवण्यात त्यांचं समाधान होतं, असं मला वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा की गाणं केवळ श्रम हलके करण्यासाठी होतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. खुंट्याला हात लावून ताल धरायला नुसता हुंकारही पुरला असता. त्यासाठी भावाच्या पागोट्याचा रंग सांगायची गरज नव्हती. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: हे समाधान म्हणजे सोसण्याला दिलेलं गोड नाव. दळण हे कष्टाचंच काम होतं आणि पिठाची गिरणी गावात आल्यावर बायकांनी जातं बाजूला सारलं, हे योग्यच झालं. त्या कष्टांचं कौतुक कुणी करू नये. पण ओवीनेही ते केलेलं नाही. भावाचं कौतुक करणारा गळाच सासुरवास सांगतो, बाईच्या जन्माला बोल लावतो. सुख टिपणारी आणि दुःख टिपणारी नजर एकच होती, म्हणून त्यातल्या आनंदावर विश्वास बसतो. सोसायचंच म्हणून गाणाऱ्या बाईने सासूचं नाव काढलं नसतं.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. त्या रचणाऱ्या बायकांनी भावासाठी वापरायचे तेच शब्द बाबासाहेबांसाठी वापरले आणि उंबऱ्याबाहेरचा बदल आपल्या घरातला करून घेतला.