दहा दिवसांच्या मौनाची कुळकथा

३ जुलै १९६९ या दिवशी भुलेश्वर परिसरातल्या पंचायतवाडी धर्मशाळेत चौदा माणसं दहा दिवसांच्या मुक्कामाला आली. त्यांत शिकवणाऱ्याचे आईवडीलही होते. शिकवणारा भिक्षू नव्हता, संन्यासीही नव्हता. मंडालेत जन्मलेला, ब्रह्मदेशात उद्योग उभारलेला आणि तिथल्या राष्ट्रीयीकरणात तो गमावलेला मारवाडी गृहस्थ, सत्यनारायण गोयंका. हे त्यांचं भारतातलं पहिलं विपश्यना शिबिर. आज इगतपुरीला जाऊन आलेला शेजारी ‘दहा दिवस बोललो नाही’ असं सांगतो, त्या दहा दिवसांचं भारतातलं गोत्र या धर्मशाळेपर्यंत पोचतं.

दहाच दिवस का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तिबेटी परंपरेतला मोठा एकांतवास तीन वर्षं, तीन महिने आणि तीन दिवसांचा असतो. थेरवादी विहारात कोवळ्या वयात चीवर घेतलेला मुलगा पाली, विनय आणि ध्यान शिकता शिकता प्रौढ होतो. इतक्या लांबलचक साधनेतून संसारी माणसाच्या रजेत बसेल एवढा तुकडा कुणी, कधी आणि कोणत्या आधारावर वेगळा काढला?

याचा धागा थेट आपल्या रत्नागिरीशी जोडलेला आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केलं. त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि तो तिथेच १९१६ मध्ये वारला. थिबा पॅलेस पाहायला जाणारे आपण राजाच्या एकाकीपणाबद्दल हळहळतो. पण तिकडे ब्रह्मदेशात त्या रिकाम्या सिंहासनामुळे फार मोठी उलथापालथ झाली. भिक्षुसंघाला राजाश्रय होता, तो संपला. मग धर्म सांभाळायचा कुणी? लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने उत्तर दिलं: गृहस्थांनी. १८४६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने मोन्यवाजवळच्या रानात विहार उभा केला, सामान्य लोकांना कळेल अशा ब्रह्मी भाषेत ग्रंथ लिहिले, गावोगाव फिरून अभिधर्मासारखा अवघड विषय शेतकऱ्या-व्यापाऱ्यांपुढे मांडला आणि त्यांना ध्यानाला बसवलं.

यातली खरी किल्ली तांत्रिक आहे. जुन्या समजुतीप्रमाणे आधी समाधीच्या खोल पायऱ्या चढायच्या आणि मग विपश्यनेकडे वळायचं. त्यात आयुष्य जाई. पण पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाच्या ‘विशुद्धिमग्ग’ या ग्रंथात दुसरी वाटही मान्य केलेली आहे. गाढ समाधी साधली नसली तरी क्षणोक्षणी टिकणाऱ्या एकाग्रतेवर थेट विपश्यना सुरू करता येते. लेडी सयाडोंनी ही वाट गृहस्थांसाठी रुंद केली. आजच्या शिबिरात पहिले साडेतीन दिवस फक्त येत्या-जात्या श्वासाकडे पाहायचं आणि चौथ्या दिवशी शरीरावरच्या संवेदनांकडे वळायचं, ही मांडणी त्या परवानगीवर उभी आहे. ती नसती तर दहा दिवसांत श्वासाच्या पुढे सरकताच आलं नसतं. बुद्धाने शिकवलेली विद्या ब्रह्मदेशाने जशीच्या तशी जपली, अशी साधकांची श्रद्धा असते. इतिहास पाहिला तर तिचं आजचं रूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रह्मी भिक्षूंनी जुन्या ग्रंथांतून नव्याने घडवलेलं दिसतं. मला त्यात काही उणं वाटत नाही. राज्य गेल्यावर धर्म लोकांच्या हाती सोपवायचं धैर्य ज्यांनी दाखवलं, त्यांचं मोल त्यामुळे वाढतंच.

लेडी सयाडोंचे एक शिष्य सया तैजी हे शेतकरी. पटकीच्या साथीत मुलं गेली आणि दुःखाने सैरभैर होऊन ते घराबाहेर पडले. वर्षानुवर्षं साधना करून गावी परतले आणि चीवर न घेताच शिकवू लागले. त्यांच्याकडे १९३७ च्या जानेवारीत सरकारी हिशेब खात्यातला एक नोकरदार आला, ऊ बा खिन. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा हाच माणूस ब्रह्मदेशाचा महालेखापाल झाला. त्याने कचेरीतल्या सहकाऱ्यांना ध्यान शिकवलं आणि १९५२ मध्ये रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभं केलं. येणारे सरकारी नोकर, व्यापारी, परदेशी पाहुणे. रजेचा अर्ज करून येणाऱ्यांना वर्षांचा हिशेब सांगून चालणार नव्हतं. दहा दिवसांची चौकट इथे पक्की झाली, आणि ती जमाखर्चात मुरलेल्या माणसाच्या हातून झाली हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

गोयंका १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीपायी. ती इतकी भयंकर होती की मॉर्फिन घ्यावं लागे. डोकेदुखीसाठी येणार असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी आधी बजावलं. पुढची चौदा वर्षं गोयंका त्यांच्या हाताखाली राहिले. भारतात गेलेली आई आजारी पडली, म्हणून १९६९ मध्ये त्यांना प्रवासाची परवानगी मिळाली. ही विद्या जिथून आली तिथे परत पोचवायची, ही गुरूची इच्छा होती. पण मुंबईतलं शिबिर घडलं ते आईच्या दुखण्यामुळे.

आणि धर्मशाळेमुळेही. दहा दिवस पुरुष-बायकांची निराळी सोय, सामुदायिक स्वयंपाक आणि कुणाकडून भाडं न घेण्याची रीत, हे सगळं दक्षिण मुंबईतल्या वाड्या-धर्मशाळांनी यात्रेकरूंसाठी आधीच करून ठेवलेलं होतं. विहाराचे नियम त्यात सहज बसले. भिक्षूने माध्यान्हानंतर जेवायचं नाही, म्हणून शिबिरात अकराला शेवटचं जेवण. नव्या साधकाला संध्याकाळी पाच वाजता चहा, फळ, कुरमुरे मिळतात, जुन्याला नुसतं लिंबूपाणी. भिक्षू शिकवण्याचे पैसे घेत नाही, म्हणून शिबिराला शुल्क नाही, आणि दान घ्यायचं तेही शिबिर पुरं केलेल्याकडूनच. पहाटे चारची घंटा, तासभर न हलता बसणं, नवव्या दिवसापर्यंतचं मौन, दहाव्या दिवशी मैत्रीभावना. हे सगळं विहारातलंच, फक्त दहा दिवसांपुरतं घातलेलं चीवर. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं, तरी नियम हेच राहिले. सरकारी कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सवलत महाराष्ट्राने दिली आहे. ऊ बा खिन यांना त्याचं समाधान वाटलं असतं.

मराठी माणसाला मात्र या कुळात आणखी एक नाव घालावंच लागतं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी ‘बालबोधमेवा’ मासिकातला बुद्धावरचा लेख वाचून अस्वस्थ झाले आणि १८९९ मध्ये बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ. नेपाळात त्यांना हवा होता तो बौद्धधर्म सापडला नाही. मग सिंहलद्वीपात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले, चीवर घेतलं, आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यान केलं. लेडी सयाडो गावोगाव फिरत होते तोच हा काळ. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘निवेदन’ हे त्या प्रवासाचं आत्मकथन. मराठीत विहारातल्या शिक्षणाचं इतकं प्रांजळ वर्णन दुसरं माझ्या वाचनात नाही. १९२५ मध्ये त्यांनी ध्यानावर ‘समाधिमार्ग’ लिहिलं. आणि तो ‘विशुद्धिमग्ग’? हार्वर्डला वर्षानुवर्षं त्याच्या संपादनात खपलेले कोसंबीच. त्याची नागरी आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्याभवनाने काढली. म्हणजे पंचायतवाडीच्या शिबिरामागचा आधारग्रंथ मुंबईत एकोणतीस वर्षं आधीच छापलेला होता. अडलं ते एवढ्यावर की शेजारी बसून शिकवणारं कुणी नव्हतं. पुस्तक घंटा वाजवत नाही.

कोसंबींनी १९३० च्या दशकात जुगलकिशोर बिर्लांच्या देणगीतून परळला बहुजन विहार उभा केला आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत स्वतः राहिले. दादर-परळच्या आंबेडकरी मंडळींमध्ये आजही वाद होतो: डोळे मिटून बसल्याने अन्याय हटतो का, बाबासाहेबांचा धम्म तो हाच का? प्रश्न रास्त आहे, आणि शिबिरवाल्यांनी तो टाळू नये. पण ध्यान आणि वस्ती यांतलं एकच निवडा, असं जे म्हणतात त्यांना मी परळच्या त्या विहाराकडे बोट दाखवतो. तो बांधणारा माणूस ब्रह्मदेशात ध्यान शिकून आला होता.