विस्तारक्षम नियंत्रण

विस्तारक्षम नियंत्रण : परस्परांशी जोडलेल्या असंख्य घटकांच्या प्रणालीत नवे घटक वाढले, तरी आधीचे नियंत्रक नव्याने आखावे लागू नयेत, अशा बेताने केलेली नियंत्रणरचना. वीजग्रिड, इंटरनेट व एकामागून एक धावणाऱ्या स्वयंचलित वाहनांचे ताफे ही तिची प्रमुख क्षेत्रे होत.

सर्व मोजमापे एका केंद्रात आणून इष्टतम नियंत्रक काढायचा, तर रिकाटी समीकरण सोडवावे लागते. प्रणालीतील चलांची संख्या दुप्पट झाली, की नेहमीच्या पद्धतीने त्याची आकडेमोड सुमारे आठपट होते. दूरची मोजमापे उशिरा पोहोचतात, ती अडचण वेगळीच. म्हणून प्रत्येक नियंत्रकाला स्थानिक वा शेजारपुरती माहिती देतात. पण माहिती वाटली गेली की गणित अवघडते. हान्स विट्झेनहाउझेन यांनी १९६८ मध्ये दाखवले, की रेषीय प्रणालीत दोनच नियंत्रक असले, तरी अरेषीय नियम सर्वोत्तम रेषीय नियमाला मागे टाकू शकतो. कोणत्या माहितीरचनेत हा प्रश्न सुटण्याजोगा राहतो, याची एक महत्त्वाची अट मायकेल रॉटकोविट्झ व संजय लॉल यांनी २००६ मध्ये मांडली.

या रचनेचे जुने व यशस्वी उदाहरण म्हणजे ग्रिडचे वारंवारता-नियंत्रण. रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिण ग्रिड उर्वरित भारताशी ५० हर्ट्झवर एकजीव झाले. अशा एकजीव ग्रिडमध्ये मागणी वाढली, की जनित्रांची गती मंदावते आणि वारंवारता सर्वत्र जवळपास सारखीच उतरते. तुटवडा कळायला निरोप लागत नाही. ५ टक्के ड्रूप (वारंवारता ५ टक्के उतरल्यास पूर्ण क्षमतेइतकी वाढ) ठरवलेल्या ५०० मेगावॉटच्या संचात वारंवारता ०.१ हर्ट्झने उतरली, तर गव्हर्नर (गतिनियामक) वाफेची झडप उघडून २० मेगावॉट वाढवू पाहतो. नवा संच जोडताना इतरांचे गव्हर्नर बदलावे लागत नाहीत. उरलेली तफावत भार प्रेषण केंद्राच्या आदेशांनी काही मिनिटांत भरून निघते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेले इंटरनेटवरील गर्दीचे नियंत्रणही याच जातीचे : पाकीट हरवले, की पाठवणारा संगणक स्वतःच वेग कमी करतो.

स्थानिक संकेताला मर्यादा असतात. वारंवारतेवरून एकूण तुटवडा कळतो, कोणती वाहिनी अतिभारित आहे ते कळत नाही. ३० जुलै २०१२ रोजी बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्ही वाहिनी अतिभाराने सुटली आणि उत्तर ग्रिड कोसळले. त्यामुळे झटपट प्रतिसाद स्थानिक नियंत्रकांकडे आणि वाहिन्यांवरील भाराची देखरेख केंद्राकडे, अशी विभागणी ठेवतात.