एका ध्वनीचीं दोन अक्षरें

इंग्रजी शिकूं लागलेला आपल्याकडील विद्यार्थी प्रथम अडखळतो तो ‘टी’ व ‘एच्’ या जोडीपाशीं. टकार आणि हकार एकत्र आले असतां थकारासारखा ध्वनि कां निघावा, हें त्यास कोणी सांगत नाहीं. पाठ कर, एवढेंच म्हणतात. एका वर्णास एक चिन्ह ही नागरीची शिस्त ज्याच्या अंगवळणीं पडली आहे, त्यास हा निव्वळ लहरीपणा वाटल्यास नवल नाहीं. परंतु या लहरीपणामागें मोठा इतिहास आहे.

रोमन लिपि लॅटिन भाषेच्या मापानें बेतलेली. 597 सालीं केंट प्रांतीं आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांमुळें ती इंग्लंडांत रुजूं लागली, तेव्हां तेथील कित्येक ध्वनींना तींत चिन्हच नव्हतें. ही उणीव तेथील लेखकांनीं शहाणपणानें भरून काढली. आपल्या जुन्या रून लिपींतील ‘थॉर्न’ हें अक्षर त्यांनीं उचललें, व ‘डी’ला आडवी रेघ देऊन ‘एथ्’ हें दुसरें सिद्ध केलें.

1066 सालीं नॉर्मनांनीं इंग्लंड जिंकलें आणि लेखणी हळूहळू फ्रेंच वळणाच्या हातांत गेली. ‘चाइल्ड’ हा शब्द पूर्वीं नुसत्या ‘सी’नें लिहीत, तेथें ‘सी-एच्’ आलें. ‘शिप’मधील ‘एस्-सी’ जाऊन अखेर ‘एस्-एच्’ झालें. थॉर्न मात्र चिवट. तें बराच काळ टिकलें, पण त्याचा आकार ‘वाय्’सारखा दिसूं लागला. 1476 सालीं विल्यम कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना काढला. युरोपांतून आलेल्या खिळ्यांत थॉर्न नव्हतेंच. त्याच्या जागीं ‘टी-एच्’, क्वचित् ‘वाय्’, घालून काम भागविण्यांत आलें. जुन्या धाटणीच्या पाट्यांवर लोक ‘यी’ म्हणून जें वाचतात, तें मूळचें ‘द’च होय.

‘पी-एच्’ची कथा निराळी. प्राचीन ग्रीकांचा तो वर्ण आपल्या फकारासारखा महाप्राण होता. म्हणून रोमनांनीं पकारापुढें हकार लिहिला, तो रास्तच. मागाहून उच्चार पालटला, लेखन तसेंच राहिलें. रात्र या अर्थाच्या ‘नाइट’मधील ‘जी-एच्’ हाही एके काळीं घशांतून उच्चारीत. ध्वनि लोपला, अक्षरें उरलीं.

उसन्या लिपीची ही अडचण आपणांसही ठाऊक आहे. ठाणें व थेऊर हीं नांवें रोमन लिपींत लिहूं गेल्यास दोहोंच्या आरंभीं तीच एक जोडी येते. आइसलंडच्या लोकांनीं मात्र थॉर्न आजतागायत जपलें आहे. शब्दांचें स्पेलिंग घोकून घेणाऱ्या शिक्षकानें एवढी हकीकत जरी सांगितली, तरी मुलांस इंग्रजी लेखनाचा धाक कमी वाटेल आणि आपल्या लिपीकडेही तीं अधिक जाणतेपणानें पाहतील.