रायफलीचा कल (नेमबाजी)

नेम धरताना रायफल तिच्या नळीच्या अक्षाभोवती डावीकडे किंवा उजवीकडे झुकलेली असणे, यास रायफलीचा कल असे म्हणतात. नेमबाजांच्या बोलण्यात यासाठी 'कँट' हा शब्दही रूढ आहे. रायफल कललेली असल्यास गोळी कलाच्या दिशेने बाजूला आणि किंचित खाली लागते. लक्ष्य जितके दूर, तितकी ही चूक वाढते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या नेमबाजीत कलाला विशेष महत्त्व आहे.

कारण

नळीतून बाहेर पडलेली गोळी गुरुत्वाकर्षणामुळे लगेच खाली येऊ लागते. हे पतन भरून काढण्यासाठी साइट किंवा दुर्बीण अशी बसवलेली असते की दृष्टिरेषा लक्ष्यावर असताना नळीचे तोंड थोडे वर रोखलेले असते. रायफल सरळ असेल तर नळीचा हा चढ नेमका गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेला असतो व दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात.

रायफल उजवीकडे कलली की हा चढही उजवीकडे वळतो. चढाचा काही भाग गोळीला बाजूला नेण्यात खर्च होतो आणि वर उचलणारा भाग कमी पडतो. गुरुत्वाकर्षण मात्र सरळ खालीच ओढत राहते. नेमबाजाला साइटमध्ये नेम अचूक दिसत असतो, तरीही गोळी उजवीकडे व खाली लागते. डावीकडील कलाने ती डावीकडे व खाली लागते.

गणित

रायफल त्याच अंतरासाठी सरळ स्थितीत जुळवलेली असून त्या अंतरावर गोळीचे पतन 'प' आणि कलाचा कोन 'क' असल्यास:

बाजूचे विचलन = प × साइन क
खालचे विचलन = प × (१ − कोसाइन क)

लहान कोनांसाठी दुसरी राशी नगण्य असते. म्हणून कलाची चूक मुख्यतः बाजूची दिसते. पुढील तक्त्यात ५० मीटरवर १२.५ सेंटिमीटर (०.२२ काडतूस), ३०० मीटरवर ०.८ मीटर आणि १००० मीटरवर १२ मीटर पतन (७.६२ मिमी वर्गातील काडतूस) गृहीत धरून बाजूचे विचलन दिले आहे. गोळीचे वजन, आकार व वेग यांनुसार प्रत्यक्ष आकडे बदलतात.

| कल | ५० मीटर | ३०० मीटर | १००० मीटर |
|---|---|---|---|
| १° | २.२ मिमी | १.४ सेमी | २१ सेमी |
| २° | ४.४ मिमी | २.८ सेमी | ४२ सेमी |
| ५° | १०.९ मिमी | ७.० सेमी | १०५ सेमी |
| १०° | २१.७ मिमी | १३.९ सेमी | २०८ सेमी |

३०० वरून १००० मीटरपर्यंत अंतर साधारण सव्वातीन पट होते, पण चूक पंधरा पट होते. गोळीला लागणारा वेळ अंतराबरोबर वाढतो आणि पतन त्या वेळेच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्याचे कारण आहे. याउलट ५° कलाने १००० मीटरवर गोळी केवळ ४.६ सेंटिमीटर खाली येते.

स्पर्धात्मक नेमबाजीतील महत्त्व

ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल प्रकारात लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजले जातात आणि केंद्रापासून सुमारे ०.८ मिमी अंतरामागे ०.१ गुण कमी होतो. त्यामुळे अचूक मध्यावर जाणारी, १०.९ गुणांची गोळी केवळ १° अनपेक्षित कलामुळे १०.७ वर येते. कल ५° असल्यास तीच गोळी ९.६ वर जाते.

१० मीटर एअर रायफलमध्ये पतन जेमतेम पावणेदोन ते दोन सेंटिमीटर असते. तेथे १° कलाचे विचलन सुमारे ०.३ मिमी भरते. मात्र तेथे दशांश गुणाची पायरीही अवघी ०.२५ मिमी असल्याने तेवढेही दुर्लक्षिता येत नाही.

५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये एकाच स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेम साधावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या.

हेतुपुरस्सर कल

कल ही नेहमीच चूक नसते. उभ्या स्थितीत अनेक नेमबाज रायफल मुद्दाम चेहऱ्याकडे कलवतात. त्यामुळे मान न वाकवता डोळा साइटमागे येतो, डोके सरळ राहते आणि शरीराचा तोल सांभाळणे सोपे जाते. अंतर ठरलेले असल्याने त्या कलासह साइट जुळवून घेतल्यास गोळी मध्यावर लागते. मात्र प्रत्येक वेळी कोन तोच राहिला पाहिजे. एका गोळीला ६° व दुसरीला ८° कल असल्यास साइट कितीही नीट जुळवली तरी गोळ्या आडव्या पसरतात.

कललेल्या रायफलीवर साइटची जुळवणीही तिरकी होते. उंचीचा खटका फिरवला तरी गोळीची जागा थोडी बाजूला सरकते. शिवाय एका अंतरासाठी केलेली अशी जुळवणी दुसऱ्या अंतरावर लागू पडत नाही. म्हणून अंतर बदलत जाणाऱ्या नेमबाजीत रायफल सरळ धरणेच हिताचे ठरते.

ओळख व उपाय

लांब पल्ल्यावर कलाची चूक वाऱ्याच्या परिणामासारखी दिसते. नेमबाज तिला वारा समजून साइट फिरवतो आणि पुढच्या गोळीला कल बदलला की चूक उलट बाजूला जाते. डोंगरउतारावर धोका अधिक असतो, कारण तिरप्या जमिनीमुळे डोळ्याला आडव्या रेषेचा भास चुकीचा होतो. प्रचलित उपाय पुढीलप्रमाणे आहेत:

* पाणसळ: दुर्बिणीवर किंवा रायफलीवर बसवलेल्या छोट्या पाणसळीचा बुडबुडा मध्यावर असल्याची खात्री करून चाप दाबतात.
* साइटमधील खुणा: पुढील साइटच्या वर्तुळातील आडव्या खुणांवरून झुकाव लक्षात येतो.
* ओळंबा: दूर ओळंबा टांगून दुर्बिणीतील उभी रेषा त्याच्या दोरीशी जुळवतात व त्याच स्थितीत पाणसळ पक्की करतात.
* उभ्या रेषेची चाचणी: उंच कागदावर ओळंब्याने रेषा आखून तिच्या तळाशी नेम धरतात आणि उंचीची जुळवणी टप्प्याटप्प्याने वाढवत गोळ्या झाडतात. गोळ्या रेषेवरून वर चढल्या तर जुळवणी योग्य असते. त्या एका बाजूला सरकत गेल्या तर दुर्बीण किंवा पाणसळ तिरपी असते.

दुर्बिणीचा कल

रायफलीचा कल आणि रायफलीवर दुर्बीण तिरपी बसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुर्बीण २° तिरपी असली, पण नेमबाज तिची उभी रेषा खरोखर उभी धरत असेल, तर नळी दृष्टिरेषेच्या अगदी थोडी बाजूला राहते. दुर्बीण नळीच्या ५ सेंटिमीटर वर असल्यास हे अंतर सुमारे १.७ मिमी असते. १०० मीटरवर जुळवलेल्या अशा रायफलीची १००० मीटरवरील चूक दीड सेंटिमीटरच्या आसपास राहते. दुर्बिणीची रेषा सरळ नसताना होणाऱ्या ४२ सेंटिमीटर चुकीपुढे ती किरकोळ आहे. त्यामुळे पाणसळ रायफलीच्या दस्त्याशी नव्हे, तर दुर्बिणीतील रेषेशी जुळवणे आवश्यक असते.

हेही पहा

* नेमबाजी
* प्रक्षेप्य गती
* स्वप्निल कुसाळे
* तेजस्विनी सावंत