गुप्तदान आणि देवस्थानची कीर्द

दात्याने नाव सांगू नये आणि हिशेबनिसाने नाव विसरू नये, अशा दोन अपेक्षांच्या कात्रीत देवस्थानचा खजिनदार नेहमीच सापडत आला आहे. हा पेच संगणकाने निर्माण केलेला नाही.

गोमंतकात ग्रामसंस्थांनी देवकार्यार्थ दिलेल्या जमिनींना नमशी म्हणत. १५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ मध्ये त्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. पोर्तुगीज दप्तरांत त्यांच्या नोंदी झाल्या. ज्या नोंदी देवाचे धन हिरावण्याच्या कामी आल्या, त्यांवरूनच लुप्त देवळांचा आज आपणांस पत्ता लागतो. नोंद हे असे दुधारी शस्त्र आहे.

पुढे १८८६ ची आणि नंतर १९३३ ची नियमावली आली. महाजनांची सूची, अंदाजपत्रक व हिशेब यांस शिस्त लागली. २००६ च्या वित्त कायद्याने निनावी देणग्यांवर ३० टक्के कर बसविला. निव्वळ धार्मिक न्यास त्यातून वगळले गेले. मात्र धार्मिक व धर्मादाय अशा संमिश्र न्यासाच्या शाळेसाठी वा रुग्णालयासाठी म्हणून दिलेली निनावी देणगी वगळली गेली नाही. २०२१-२२ पासून करसवलतीच्या देणग्यांचे दातावार विवरणही आयकर खात्यास द्यावे लागू लागले.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. फंडपेटीतील दान निनावी असते; ते पंचांसमक्ष मोजून एकरकमी जमा होते. गुप्तदानाचा दाता मात्र संस्थेस ठाऊक असतो, जगास नसतो. पहिल्यात नाव नाही. दुसऱ्यात नाव ही ठेव आहे.

ही ठेव संगणकातही राखता येते. प्रत्येक दात्यास क्रमांक द्यावा. रोजकीर्दीत व खतावणीत क्रमांक, पावती, रक्कम व प्रयोजन एवढेच लिहावे. नाव, पत्ता व पॅन वेगळ्या, परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या नोंदवहीत ठेवून ती दोनच पदाधिकाऱ्यांच्या स्वाधीन असावी. पुष्कळदा तपशिलाच्या रकान्यात सवयीने नाव व दूरध्वनी टंकला जातो आणि छापील खतावणीबरोबर तो सभेत हातोहात फिरतो. लेखापरीक्षकास वही दाखवावी. स्मरणिकेत मात्र दात्याच्या संमतीवाचून नाव येऊ नये.

हिशेब चोख असावा आणि दात्याचा संकोचही जपला जावा. श्रींच्या चरणी रुजू झालेल्या दानाचा विश्वस्त या नात्याने महाजनांवर ही दोन्ही कर्तव्ये सारखीच बंधनकारक आहेत.